मी ऐकत होतो, भाऊजी

९ जानेवारी, दुपार

भाऊजी,

हे पत्र लिहायचं मी इतके दिवस टाळलं, की आता टाळल्याची लाजही वाटेनाशी झाली आहे. कागद आणले होते. एकाची पुडी करून तिच्यात खिळे ठेवले, एकाचं विमान केलं ते टाकीत पडलं, उरलेले दमटपणानं एकमेकांना चिकटले. मग पेन सापडेना. पेन सापडलं तेव्हा सुरुवात सापडेना. ‘प्रिय’ लिहायला हात धजत नव्हता, आणि जे लिहायला हात शिवशिवत होता ते पोस्टमननं वाचलं असतं तर त्यालाच घाम फुटला असता. शेवटी नुसतं ‘भाऊजी’. ताईशी लग्न केलंत तेव्हा चिकटलेलं नाव आहे, ते काही मला सोलून काढता येत नाही.

फोन करून पाहिला. माझा नंबर तुम्ही तुमच्या फोनवर बंद केलाय आणि ताईच्याही. पत्र मात्र बंद करता येत नाही. फार तर फोडू नका.

एक आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून घोटाळा नको. हे समेटाचं पत्र नाही. मला तुमची जिरवायची आहे. कशी, केव्हा आणि कुठं, तेही सांगणार आहे, कारण पाठीमागून वार करायची कला माझ्याकडे नाही. ती तुमच्या घरात शिकायला मिळाली असती, पण मी तिथं फार दिवस टिकलो नाही.

सध्या मी एका मत्स्यबीज केंद्रात आहे. सिमेंटच्या लांब टाक्या, त्यांच्यावर हिरवी जाळी, दिवसभर हवा सोडणाऱ्या मोटारीची घरघर, आणि मी गमबूट घालून. बोटाएवढी पिल्लं वाढवायची (त्यांना बोटुकली म्हणतात, काय गोड शब्द आहे), आणि अंड्यांसाठी राखलेल्या मोठ्या माद्या सांभाळायच्या. माझा मुकादम पाण्यात एका पायावर उभा राहून विचार करतो म्हणून सगळे त्याला बगळा म्हणतात. तोंडावर म्हणतात. तो ओ देतो.

माद्या तपासायच्या असल्या की टबात पाणी घेऊन त्यात लवंगतेलाचे थेंब टाकतात. तेच तेल, दात दुखला की कापसावर घेतो ते. मादी आधी कलंडते, मग आडवी होते, कल्ले सावकाश हलत राहतात. हातात घ्या, पोट चाचपा, वजन करा, तिला पत्ता नसतो. काम झालं की लगेच साध्या पाण्यात. तिथं तिला धरून पुढं-मागं हलवायचं, म्हणजे पाणी कल्ल्यांतून जातं. मग शेपटी थरथरते आणि ती निघून जाते, आभार न मानता. मला ते फार आवडतं.

बगळ्यानं पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा मी म्हणालो, “म्हणजे ॲनेस्थेशिया.”

“म्हणजे लवंगतेल,” तो म्हणाला.

“शब्द ग्रीक आहे. ॲन म्हणजे नाही. ऐस्थेसिस म्हणजे जाणवणं. न जाणवणं.”

त्यानं पाय बदलला. “शाळा किती झाली तुझी?”

“दहावीला दोनदा बसलो.”

“मग हे कुठं शिकलास?”

“ऑपरेशनच्या टेबलावर. आडवा पडून.”

बगळा हसला. त्याला वाटलं मी फेकतोय. भाऊजी, तुम्हाला हसू येतंय का? नसेल येत. मी तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकला, आणि ऐकताना मी कुठल्या अवस्थेत असायला हवा होतो, हे जगात तुमच्याइतकं चांगलं कुणालाच माहीत नाही.

आता कारण ऐका. गेल्या आठवड्यात नवा थर्मामीटर आला, तो तुमच्याकडच्या वर्तमानपत्रात गुंडाळून. उलगडला तर आत तुमचा फोटो, तोच चष्मा, तीच हनुवटी वर. आठ फेब्रुवारीला ग्रंथालयाच्या सभागृहात तुमचं व्याख्यान. ‘भूल: एका शब्दाची जन्मकथा’. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न.

श्रोत्यांचे प्रश्न, भाऊजी. मी येतोय.

भिंगऱ्या
(ताईनं ठेवलेलं नाव आहे, पायाला भिंगरी म्हणून. ते अजून वापरतो. तिला राग येणार असेल तर येऊ दे.)


१७ जानेवारी, जेवणाची सुट्टी

भाऊजी,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. तुम्हाला न बोलणारी माणसं आवडतात, तुमचं काम तेच आहे.

मी प्रश्न विचारायला उभा राहीन तेव्हा तुम्ही म्हणाल, आजारी मुलगा आहे, भास होतात. म्हणून जे बोलणार आहे ते आधीच लिहून देतो. तयारी करा. मला तयारी केलेला माणूस पाडायचाय, झोपलेला नाही. झोपलेल्याला काय, कुणीही कापतं.

मी पडलो ते तुम्हाला माहीतच आहे. जाहिरातीचा मोठा फलक रंगवत होतो, शिडीवर, दुधाच्या जाहिरातीतल्या बाईचा डावा डोळा. तो डोळा अर्धाच राहिला. नंतर कुणी पुरा केला की बाई अजून तशीच बघतेय, देव जाणे. बरं, ते असो. मांडीचं हाड मोडलं. ताई धावत आली, तुम्ही आलात, आणि तुम्ही म्हणालात, “माझ्याच हॉस्पिटलात करू, भूल मी स्वतः देतो, घरचा माणूस आहे.” ताईनं तुमच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, चला, ताईचं बरं झालं. खरंच वाटलं होतं.

दिव्याखाली झोपवलं. गारठा होता. हाताच्या शिरेत सुई गेली. तुम्ही म्हणालात, “काहीतरी चांगलं आठव,” आणि मी त्या बाईचा डोळा आठवला आणि गेलो.

आणि मग आलो.

किती वेळानं ते ठाऊक नाही. डोळ्यांवर चिकटपट्टी, घशात नळी, आणि अंग माझं नव्हतंच. बोट हलवायला गेलो, बोट कुठंय ते सापडेना. ओरडायला गेलो, छाती कुणीतरी दुसरंच वरखाली करत होतं. हलूच नये म्हणून तुम्ही एक औषध देता आणि कळूच नये म्हणून दुसरं, हे मला नंतर समजलं. पहिलं चालू होतं. दुसरं संपलं होतं.

आणि तुम्ही बोलत होतात.

हाडाचे डॉक्टर मांडीत सळई बसवत होते. सुतार चौकटीला भोक पाडतो तसा आवाज, फक्त चौकट मी. दुखणं कसं होतं ते लिहायला मी चारदा बसलो आणि चारदा टाकीवर जाऊन उभा राहिलो, तेव्हा ते सोडा. तुम्ही काय बोलत होतात ते लिहितो.

तुम्ही म्हणालात, “शब्द बघा किती सुंदर आहे. ॲन म्हणजे नाही, ऐस्थेसिस म्हणजे जाणवणं. एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरला पत्रात सुचवला. त्याआधी लोकांकडे क्रिया होती, पण तिला नाव नव्हतं.” हाडाचे डॉक्टर म्हणाले, “पकड जरा इथं,” ते तुम्हाला नाही, कुणा तिसऱ्याला. तुम्ही पुढं. “आपल्याकडे बघा. बधिर म्हणजे मूळचा बहिरा, म्हणून बधिरीकरण. संज्ञाहरण म्हणजे भान हरण करून नेणं, रावणानं न्यावं तसं. आणि लोक म्हणतात भूल, कुणी भुलवलं की पडते ती. मला विचाराल तर लोकांचाच शब्द चांगला. मी माणसाला झोपवत नाही, मी त्याचं जाणवणं उचलून बाजूला ठेवतो आणि काम झालं की परत देतो.”

मी तिथंच होतो, भाऊजी. माझं जाणवणं कुणी उचललं नव्हतं. ते सगळंच्या सगळं माझ्याकडे होतं, आणि वर तुमचं व्याख्यान. जगात शब्दांची व्युत्पत्ती कुणी इतक्या मन लावून ऐकली नसेल.

मग तुम्ही म्हणालात, “गंमत म्हणजे हे ग्रीक लोक हाच शब्द मठ्ठ माणसालाही लावायचे. ज्याला दुसऱ्याचं काही जाणवतच नाही असा.” हाडाचे डॉक्टर हसून म्हणाले, “तुमचा हा मेहुणा कसा आहे?” तुम्ही म्हणालात, “हा? बायकोचं शेपूट आहे हो. कुठं म्हणून टिकत नाही. आता सळई घातलीत तर निदान एका जागी बसेल.”

सगळे हसले. मीही हसलो असतो, वाक्य चांगलं होतं.

सिस्टर म्हणाली, “सर, पेशंटच्या डोळ्यांवरच्या पट्टीखालून पाणी येतंय.”

तुम्ही म्हणालात, “येतं कधीकधी. पुसा.”

तिनं पुसलं. बोटं थंड होती. त्या खोलीत तेवढ्याच एका माणसानं मला हात लावल्यासारखा हात लावला. मग ती म्हणाली, “सर, नाडी फार वाढलीय,” आणि मग, अगदी हळू, “सर, व्हेपोरायझर रिकामा आहे.” हा शब्द तेव्हा मला माहीत नव्हता. आता आहे. औषधाची वाफ ज्यातून येते ती डबी. ती संपली की वाजायची सोयही असते, पण ती सारखी वाजते आणि बोलण्यात व्यत्यय येतो म्हणून तुम्ही बंद करून ठेवली होतीत. हे मला कसं माहीत? कारण पुढचं वाक्य तुमचं होतं. “सारखा वाजतो म्हणून अलार्म मीच बंद केला होता. भरा लवकर. आणि हे या खोलीच्या बाहेर जाता कामा नये.”

मग डबी भरली गेली, आणि मी पुन्हा गेलो. पण बाहेर आलोच. खोलीच्या बाहेर मी येणार नाही असं कुणी ठरवलं होतं?

हे मी सभागृहात उभा राहून म्हणणार आहे, याच क्रमानं. आवाज चढवणार नाही. शेवटी एवढंच विचारीन: तो ग्रीक शब्द त्या दिवशी टेबलावरच्या माणसाला लागू होता, की टेबलाशेजारच्या?

ताईची मी चौकशी करत नाहीये. ती अजून कपडे वाळत घालताना चिमटे तोंडात धरून बोलते का, एवढंच कळवा. नको, कळवू नका.

भिंगऱ्या


२८ जानेवारी, संध्याकाळ होत आलीय

भाऊजी,

आज माझ्या हातून माद्या मेल्या.

सांगतो. पण आधी जेवणाच्या टेबलाचं सांगतो, कारण ते आधी घडलं, आणि दोन्ही एकात एक अडकलंय.

वॉर्डात शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं होतं, कुणालाही नाही. तुमच्या इज्जतीचा तेवढा विचार या उंडग्यानं केला होता. तुम्ही माझ्या खाटेच्या कडेला बसलात, हात हातात घेतलात आणि म्हणालात, “स्वप्न असतं रे ते. औषधानं पडतात.” मी म्हणालो, “स्वप्नात ग्रीक?” तुम्ही हात सोडलात.

त्यानंतर तुमच्या घरी मी कुबडीवर. मी कुणालाच काही बोललो नाही. मोटारीचा, मिक्सरचा, कसलाही भोक पाडल्यासारखा आवाज आला की मी ताटावरून उठायचो. ताई विचारायची, काय होतंय. मी म्हणायचो, काही नाही. आणि एक दिवस ती म्हणाली, “मला सांगितल्याशिवाय तुला वाढणार नाही,” आणि पळी खरोखरच वर धरून उभी राहिली. तेव्हा सांगितलं. टेबलावर चौघं होतो. ताई, मी, तुम्ही आणि काकू, म्हणजे तुमच्या आई.

तुम्ही चमचा खाली ठेवलात. रागावला नाहीत. रागावला असतात तर मी आज तुम्हाला पत्रं लिहीत बसलो नसतो. तुम्ही अगदी कळवळून म्हणालात, “मला हे कधीच सांगायचं नव्हतं. याच्या रक्तात नशेची औषधं सापडली होती. खूप दिवसांची सवय असणार. अशा माणसांना भूल नीट चढत नाही.”

माझी शपथ, ऑपरेशनच्या टेबलावर जीभ हलत नव्हती तशीच इथंही हलेना.

भाऊजी, मी बऱ्याच गोष्टी केल्या आहेत. तिकीट न काढता प्रवास केलाय, तंबू उभारणाऱ्यांबरोबर फिरलोय, एकदा एका बोटीच्या स्वयंपाकघरात कांदे चिरता चिरता दुसऱ्याच बंदरात उतरलोय. नशा केलेली नाही. मला भीती वाटते तिची. ताईला ते ठाऊक होतं. तरी तुमचा आवाज डॉक्टरचा आणि माझा भटक्याचा. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या हातातली पळी सावकाश खाली आली. काकू एवढंच म्हणाल्या, “दार उघडंच आहे.” दुसऱ्या दिवशी ताईनं माझे कपडे घडी करून पिशवीत भरून दिले. इस्त्रीसुद्धा केली होती. तिनं ते भिरकावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा सुचलं नाही ते आता विचारतो. आधी तुम्ही म्हणालात मी झोपलो होतो, स्वप्न पडलं. मग म्हणालात मी नशेडी होतो, म्हणून झोप लागली नाही. दोन्ही कसं? डॉक्टर, एक काहीतरी ठरवा.

आता माद्यांचं. आज सकाळी दोन माद्या टबात होत्या. मी काठावर बसून सभागृहात काय म्हणायचं ते पाठ करत होतो. हातवारेसुद्धा करत होतो. “या क्रमानं, आवाज न चढवता.” मला वाटतं माझं भाषण तुमच्यापेक्षा चांगलं झालंय. ते इतकं चांगलं झालं, की मी ते पुन्हा एकदा म्हटलं, आणि टबाकडे बघितलं तेव्हा कल्ले हलत नव्हते.

साध्या पाण्यात नेल्या, धरून हलवल्या, तोंडात नळीनं पाणी सोडलं. हात बधिर होईपर्यंत हलवल्या. काही नाही.

बगळा शेडच्या पलीकडे होता. कुणी पाहिलं नव्हतं. टाकीत सोडून दिल्या असत्या तर उद्या वर आल्या असत्या, आणि मासे काय, मरतात. मी खरंच तेवढा वेळ तसा उभा राहिलो. मग तुमचं ते वाक्य माझ्या कानात तुमच्याच आवाजात आलं, बाहेर जाता कामा नये, आणि मला स्वतःची इतकी शिसारी आली की मी दोन्ही माद्या दोन हातांत घेऊन ओल्या गमबुटांनी बगळ्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“मी मारल्या. टबात विसरलो. बोलत होतो.”

“कुणाशी?”

“मेहुण्याशी.”

त्यानं इकडंतिकडं बघितलं. “इथं तर कुणी दिसत नाही.”

“मनात.”

त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते टपालखात्याच्या नियमात बसत नाही. माझ्या बापापासून सुरुवात केली आणि गमबुटांपर्यंत आला. सगळ्या शिव्या देऊन झाल्यावर म्हणाला, “आता या चिरायच्या आणि आत काय झालं ते बघायचं. तू चिरणार. मग नव्या माद्या येतील त्या धरायच्या, त्याही तू. आणि टबाशी बसलास की तोंडात पाण्याची गुळणी धरून बसायचं. मेहुणा आला तरी बोलायचं नाही.”

काढलं नाही मला. मी वाट बघत होतो.

तुम्हाला वाटेल, बघा, या गाढवाला उमगलं, चूक कुणाच्याही हातून होते, आता हा मला माफ करणार. नाही हो. आज मला उलट जास्त चीड आलीय. इतके दिवस वाटायचं, खरं सांगणं फार मोठं, फार अवघड काम असेल, तुम्हाला झेपलं नसेल. आज करून बघितलं. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं असतं, बास. शिव्या बसतात, त्या गळून पडतात. तुम्हाला तर माझ्या खाटेवरून उठायचंही नव्हतं. हात हातातच होता.

डबी रिकामी राहिली त्याचा सूड नाही घेत मी. ती मी तुम्हाला सोडली, जा. पण डबी झाकायला तुम्ही माझी बहीण वापरलीत. त्याचा घेणार.

भिंगऱ्या


६ फेब्रुवारी, सकाळ

भाऊजी,

हे पत्र टपालात टाकत नाही. परवा हातातच देईन.

सुट्टी मिळाली. बगळा म्हणाला, “जा, पण परत येताना तो मेहुणा डोक्यातून उतरवून ये, नाहीतर टाकीशी फिरकू नकोस.” शर्ट धुतला. माशांचा वास जात नाही, पण म्हटलं असू दे, शेजारच्या खुर्च्या आपोआप रिकाम्या होतील आणि तुम्हाला मी लांबून स्पष्ट दिसेन. बस उद्या सकाळची. पाय दुखतोय, थंडीत सळई आतून गार पडते, दातानं बर्फ चावल्यासारखी. हेही विचारायचं होतं कधीतरी एखाद्या डॉक्टरला, सगळ्यांचीच पडते का. घरात डॉक्टर असून उपयोग नाही म्हणतात ते असं.

सिस्टरला मी शोधलेलं नाही, हे सांगून ठेवतो. तिला मध्ये ओढायचं नाही. तिची नोकरी तुमच्या हातात आहे. तिनं डोळे पुसले होते, तेवढं पुरे. माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त तुमचं व्याख्यान आहे. तुम्ही ते परवा द्याल, तेव्हा प्रत्येक वाक्य तुमच्या आधी अर्धा क्षण मी पुटपुटत असेन. रावणानं न्यावं तसं. जाणवणं उचलून बाजूला ठेवतो. एका डॉक्टरनं दुसऱ्याला पत्रात. बघू तुम्ही एखादं वाक्य गाळता का. गाळलंत, तर तेही मला पुरेल.

आणि खरं सांगायचं तर मला लोकांचं काही पडलेलं नाही. सभागृहभर माणसं ‘अरे अरे’ करतील आणि चहा पिऊन घरी जातील. त्यांत ताई असेल का, एवढंच रोज डोक्यात घोळतंय. तुम्ही तिला आणाल. अशा दिवशी बायको पहिल्या रांगेत लागते. ती एकदा मान वळवून माझ्याकडे बघेल आणि मग तुमच्याकडे बघेल, आणि तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे असेल ते तिला

थांबा. फाटकाशी रिक्षा थांबलीय. बगळा कुणाशी तरी हुज्जत घालतोय. बाईचा आवाज आहे.

परत बसलो. चहा उकळेपर्यंत लिहितो.

आधी बगळा आला. म्हणाला, “तुझ्याकडे पाहुण्या आल्यात. मला म्हणतात, इथं माशांचा वास येतो. मी म्हटलं, बाई, मासे आहेत.” त्याच्यामागून काठी टेकत, पदर नाकाला लावून, भाऊजी, तुमच्या आई.

एकट्या. दोन बस बदलून. मी उभाच राहिलो. त्या म्हणाल्या, “बस खाली. त्या पायावर उभा राहू नकोस.” मग आम्ही खाद्याच्या पोत्यांवर बसलो, त्या एकावर, मी एकावर.

“तुझी पत्रं तो फोडत नाही,” त्या म्हणाल्या. “फ्रीजवर ठेवतो, म्हणजे मला दिसतील आणि मी विचारीन आणि तो म्हणेल, वेड्याची आहेत. मी विचारलं नाही. मी फोडली.”

“ताईनं?”

“तिनं मधलं, ऑपरेशनचं पत्र वाचलं. उभ्यानंच वाचलं. मग जेवताना त्याला म्हणाली, माझ्या भावाच्या रक्ताचा रिपोर्ट मला बघायचाय. तो म्हणाला, फाईल हरवली.” त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. “माझ्या मुलानं आयुष्यात कधी काही हरवलेलं नाही रे. शाळेतली पट्टीसुद्धा अजून कपाटात आहे.”

मी म्हणालो, “काकू, चहा घेता?”

“घेईन. पण मी चहाला आले नाही. गुरुवारी माझा गुडघा बदलायचाय. भूल मीच देणार म्हणतो तो, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. घरची माणसं आहेत म्हणतो.” त्यांनी काठी पोत्याला टेकवून ठेवली. “त्या दिवशी टेबलावर मी तुला दार दाखवलं. मी त्याची आई आहे, मी दुसरं काय करणार होते? आता गुरुवारी मला त्या दिव्याखाली झोपायचंय. म्हणून तुझ्या तोंडून ऐकायला आले, कागदावर कुणीही काहीही लिहितं. माझ्याकडे बघून सांग. तू जागा होतास?”

“चहा आणतो, मग समोर बसून सांगतो,” म्हणून आत मी चहा टाकायला आलोय. स्टोव्ह भुरभुरतोय. दारातून त्या दिसतायत, पाय लांब करून बसल्यायत, पदर आता नाकावर नाही.

सभागृहासाठी मी भाषण पाठ केलं होतं, भाऊजी. ते आता लागणार नाही. मी जे म्हणेन ते ही बाई खरं धरणार आहे, आणि घरी जाऊन सुनेला सांगणार आहे, आणि गुरुवारी तुमच्या हातात हात द्यायचा की नाही ते त्यावरून ठरवणार आहे. एवढं मोठं हत्यार माझ्या हातात कधी कुणी दिलं नव्हतं. आणि मी एक शब्दही वाढवून सांगणार नाही. गरजच नाही.

चहा उकळला. दोन कप भरतो आणि त्यांच्यासमोर जाऊन बसतो.